मत राल्फला, मटण जॅकचं

बेट पेटलेलं आहे. किनाऱ्यावर कडक इस्त्रीच्या गणवेशातला एक ब्रिटिश नौदल अधिकारी उभा आहे आणि त्याच्यासमोर अंगाला रंग फासलेली, हातात टोकदार काठ्या घेतलेली उघडीवाघडी पोरं. अधिकारी विचारतो, तुमच्यात साहेब कोण? राल्फ मोठ्यानं म्हणतो, मी. तेवढ्यात लाल केसांचा एक मुलगा पुढे यायला निघतो. डोक्यावर काळ्या टोपीची लक्तरं, कमरेला फुटका चष्मा. पाऊल उचलतो, मग काय वाटतं कोण जाणे, तिथेच थांबतो.

हा जॅक. पाच मिनिटांपूर्वी अख्खं बेट त्याच्या हुकमावर चालत होतं. ही सगळी पोरं त्याच्याच सांगण्यावरून राल्फला ठार मारायला निघाली होती, आणि राल्फला लपलेल्या जागेतून हुसकायला रान पेटवलं होतं तेही त्याच्याच टोळीनं. मग ‘साहेब कोण’ म्हटल्यावर हा गप्प का?

विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीतला हा शेवट. माणूस आतून रानटीच असतो, एवढ्या एका ओळीत ही कादंबरी सहसा गुंडाळली जाते. ओळ खोटी नाही, गोल्डिंगलाही त्याच्या जवळपासचंच काही म्हणायचं होतं. पण ती आळशी आहे. सत्ता एका पोराच्या हातातून दुसऱ्याच्या हातात नेमकी कशी गेली, कुठल्या बैठकीत आणि कोणाच्या चुकीनं, हे तिच्यातून कळत नाही. पुस्तकात मात्र ते पायरी-पायरीनं मांडलेलं आहे. आणि त्यातली मजेची गोष्ट ही की जॅक एकही मतदान जिंकत नाही. प्रमुखपदावरून दोनदा मतं मागितली जातात आणि दोन्ही वेळा तो हरतो.

थोडी पार्श्वभूमी. गोल्डिंग इंग्लंडमधल्या सॉल्झबरी गावात शाळामास्तर होता, म्हणजे पोरांच्या टोळ्या तो रोज पाहत होता. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात होता आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरलं तेव्हा रॉकेटं डागणाऱ्या एका नौकेवर त्याची कमान होती. हस्तलिखित बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवलं. ‘फेबर अँड फेबर’च्या वाचकानंही कचरा म्हणून शेरा मारला होता, पण तिथल्याच चार्ल्स माँटीथ नावाच्या तरुण संपादकानं ते उचललं आणि १९५४ साली पुस्तक निघालं. १९८३ मध्ये गोल्डिंगला नोबेल मिळालं. मराठीत ही कादंबरी जी. ए. कुलकर्णींनी आणली, आणि नियतीच्या अंधाराशी ज्यांचं लेखन सतत झुंजत राहिलं त्या लेखकाला हीच का आणावीशी वाटली असेल, ते जी. एं.च्या वाचकाला सांगायला नको.

गोष्ट अशी: जगात अणुयुद्ध चालू आहे. इंग्लंडमधून पोरांना हलवणारं विमान पाडलं जातं आणि सहा ते बारा वर्षांची मुलं एका निर्मनुष्य बेटावर उरतात. मोठं माणूस एकही नाही.

पहिली बैठक

राल्फला तलावाच्या पाण्यात एक शंख दिसतो. खरं तर तो काय आहे आणि कसा वाजवायचा हे त्याला सांगतो पिगी: जाडा, दमेकरी, जाड भिंगांचा चष्मा लावणारा मुलगा. दम्यामुळे त्याला स्वतःला वाजवता येत नाही. राल्फ वाजवतो आणि रानातून एकेक पोर बाहेर येऊ लागतं. आपल्याला शंख म्हटला की देवघर आठवतं, नाहीतर कुरुक्षेत्र. इथे तो निव्वळ शाळेची घंटा आहे.

सगळ्यात शेवटी येतो चर्चचा कॉयर, म्हणजे गाणाऱ्या पोरांचा ताफा. रणरणत्या वाळूतून काळे झगे आणि काळ्या टोप्या घातलेली पोरं दोन रांगांत चालत येतात. पुढे जॅक मेरिड्यू. तो सांगेपर्यंत कोणी बसत नाही आणि त्यातला सायमन चक्कर येऊन पडतो तरी जॅकला त्याचं काही वाटत नाही. पुढारी निवडायची वेळ येते तेव्हा जॅक सरळ म्हणतो की मीच व्हायला हवा, मी कॉयरचा प्रमुख आहे आणि मला वरचा सूर लागतो. ‘वरचा सूर लागतो’ ही पात्रता! हसू येतं, पण जगात पुढारी याहून फार वेगळ्या कारणांनी निवडले जातात असं काही नाही.

मतदान होतं. कॉयरची पोरं जॅकसाठी हात वर करतात, पण मेलेल्या मनानं, सवयीनं. बाकी सगळे राल्फसाठी करतात आणि सगळ्यात शेवटी, नाखुशीनं, पिगीचाही हात वर जातो. हे का झालं ते गोल्डिंग स्पष्ट सांगतो: डोकं पिगीकडे होतं, पुढारपणाचे गुण उघडउघड जॅकमध्ये होते, पण राल्फ शांत बसलेला होता, देखणा आणि धिप्पाड होता आणि त्याच्या मांडीवर शंख होता.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञानं एक सोपा प्रश्न विचारला होता. एकानं सांगितलं आणि दुसऱ्यानं ऐकलं, तर दुसऱ्याला ते रास्त का वाटलं? त्याची तीन उत्तरं. पूर्वापार असंच चालत आलंय म्हणून, त्या माणसात काहीतरी विलक्षण आहे म्हणून, किंवा नियमानं तो अधिकार त्याचा आहे म्हणून. कॉयर जॅकचं ऐकतो तो पहिल्या कारणानं. राल्फची निवडणूक नियमाची वाटते, पण नीट पाहिलं तर ती दुसऱ्या कारणानं जिंकलेली आहे. शंख फुंकणारा तो देखणा मुलगा! नियम नंतर येतात. ज्याच्या हातात शंख त्यानंच बोलायचं आणि त्याला मध्ये तोडायचं नाही, हा नियम राल्फ नंतरच्या सभेत आणतो. त्यामुळे सहा वर्षांच्या पोरालाही बोलता येतं. नियमांचं नाव काढताच सगळ्यात जास्त कोणाला चेव येतो माहीत आहे? जॅकला. खूप नियम करू या, आणि कोणी मोडला की... म्हणजे नियमातलं त्याला जे आवडतं ते त्याच्या शेपटाशी आहे.

आता पहिल्या बैठकीतला तो क्षण, ज्याच्यावरून बहुतेक वाचक सरकन पुढे जातात. मीही पहिल्या वाचनात गेलो होतो. हरल्यावर जॅकचा चेहरा लाल होतो. राल्फ मनाचा मोठा, त्याला वाईट वाटतं, काहीतरी द्यावंसं वाटतं. तो म्हणतो, कॉयर अर्थातच तुझा. आणि मग विचारतो, त्यांनी काय व्हावं अशी तुझी इच्छा आहे? जॅक म्हणतो, शिकारी.

दोन वाक्यांत सौदा आटोपला. निवडून आलेल्या प्रमुखानं बेटावरची एकमेव शिस्तबद्ध तुकडी, बेटावरची हत्यारं बाळगायचा अधिकार आणि मटणाचं खातं, हे सगळं हरलेल्या उमेदवाराच्या नावे करून दिलं. तेही त्याची नाराजी जावी म्हणून. सरकार बनवताना रुसलेल्या गटाला गृहखातं देऊन टाकावं तसं. राल्फकडे काय राहिलं? शंख, आणि सभा बोलावायचा मान.

त्याच दिवशी आणखी एक बारीक गोष्ट घडते. पिगीनं राल्फला विश्वासात घेऊन सांगितलेलं असतं की शाळेत मला पिगी म्हणायचे, तेवढं कोणाला सांगू नकोस. सगळ्यांसमोर जॅक त्याला ‘जाड्या’ म्हणतो आणि राल्फ पटकन बोलून जातो, त्याचं नाव जाड्या नाही, पिगी! अख्खी सभा हसते. सगळे एका वर्तुळात आणि पिगी वर्तुळाबाहेर. त्याचं खरं नाव पुस्तक संपेपर्यंत कोणी विचारत नाही. राल्फची पहिली लोकप्रियता त्याच्या सगळ्यात हुशार सल्लागाराच्या जिवावर उभी आहे, आणि पुढे पिगीचं म्हणणं कोणी गंभीरपणे का घेत नाही याचं एक कारण राल्फ स्वतः आहे.

नावांचंच निघालं म्हणून: जॅकला सुरुवातीला ‘जॅक’सुद्धा नको असतं. मुलांची नावं कशाला, मी मेरिड्यू, असं म्हणतो. मेरिड्यूचा जॅक होतो आणि शेवटच्या प्रकरणांत टोळीतली पोरं त्याला नुसतं ‘चीफ’ म्हणतात. नाव गळून पडतं, पद उरतं.

विम्याचा हप्ता आणि आजचं जेवण

राल्फचं धोरण एका शब्दात सांगायचं तर धूर. डोंगरावर आग सतत पेटती ठेवायची, धूर दिसला की जहाज येईल, आपण घरी जाऊ. तर्कशुद्ध आहे. पण पुढारी म्हणून ते विकायला फार अवघड. आग म्हणजे विम्याचा हप्ता. रोज लाकडं वाहायची आणि रोज काहीही घडत नाही. ज्यानं लाकूड वाहिलं त्यालाही सुटका आणि जो पोहायला पळाला त्यालाही सुटका, मग मी का वाहू? झोपड्यांचंही तेच. सभेत सगळे हो म्हणतात. पहिली झोपडी सगळे मिळून बांधतात, दुसरीला थोडे येतात, आणि शेवटी राल्फ आणि सायमन दोघंच पानं लावत बसतात.

जॅकचं धोरण मटण. गंमत अशी की बेटावर फळं मुबलक आहेत. पोट बिघडवतात खरी, पण मटणावाचून कोणी मरणार नव्हतं. तरी मटण समोर दिसतं, त्याचा वास येतो, ते आज मिळतं आणि मुख्य म्हणजे ते वाटता येतं. धूर वाटता येत नाही. जो वाटतो त्याच्याकडे हात पसरावा लागतो.

या दोन धोरणांची टक्कर चौथ्या प्रकरणात होते. क्षितिजावर जहाजाचा धूर दिसतो. राल्फ धावत डोंगर चढतो आणि बघतो तर आग विझलेली. राखणीवरच्या पोरांना जॅक शिकारीला घेऊन गेलेला असतो. जहाज निघून जातं. तेवढ्यात खालून मिरवणूक येते, काठीला टांगलेलं डुक्कर, गाणं, रक्त. पहिली शिकार झालेली आहे. जॅकला वाटतं कौतुक होईल. राल्फ एवढंच म्हणतो, तुम्ही आग विझू दिलीत.

इथे राल्फ पूर्णपणे बरोबर आहे आणि तरीही हरायला लागतो. कसं ते बघा. पिगी बोलायला लागतो तसा जॅक त्याच्या पोटात गुद्दा मारतो, मुस्काटात देतो, चष्म्याचं एक भिंग फुटतं. जॅक राल्फला मारत नाही, त्याच्या शेजारच्याला मारतो. हे राजकारण पुढे पिगीच राल्फला समजावून सांगतो: तो तुझं काही वाकडं करू शकत नाही, पण तू बाजूला झालास तर तुझ्या मागच्या वस्तूला मारेल, आणि ती वस्तू मी आहे. मग जॅक माफी मागतो, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. आगीबद्दल चुकलं. शिकारी पोरांना हे फार दिलदार वाटतं. चूक जॅकची, जहाज गेलं जॅकमुळे आणि टाळ्याही जॅकलाच. आता राल्फनं तितकंच दिलदार काही म्हणावं अशी सगळ्यांची अपेक्षा, आणि राल्फच्या तोंडून निघतं फक्त, आग पेटवा.

मग तो प्रसंग, जो मला अख्ख्या पुस्तकातला सत्तेबद्दलचा सगळ्यात सूक्ष्म प्रसंग वाटतो. आग पेटवायला सगळे लगबगीनं लाकडं आणतात. जॅक सगळ्यात जास्त धावपळ करतो, गातो, शिट्ट्या मारतो. राल्फ जुन्या आगीच्या राखेत उभा आहे. काही बोलत नाही, हलत नाही. आग लावायची सोयीची जागा तीच. पण ‘जरा सरक’ असं त्याला कोणी म्हणत नाही, जॅकसुद्धा नाही. शेवटी तीन यार्डांवर, जरा गैरसोयीच्या जागी नवी आग रचली जाते. गोल्डिंग म्हणतो की दिवसचे दिवस विचार केला असता तरी राल्फला आपलं प्रमुखपद बजावायची याहून चांगली रीत सापडली नसती.

सत्ता बघायची असेल तर ती ‘सरक’ न म्हणण्यात बघावी. हुकूम नाही, शंख नाही, मतदान नाही. माणसं स्वतःहून वळसा घालून जातात. आपल्या ऑफिसात साहेब दारात उभे राहून फोनवर बोलत असले की लोक कसे अंग चोरून जातात, तसंच.

पण अर्ध्या तासात मटण भाजायला लागतं. राल्फनं ठरवलेलं असतं की घ्यायचं नाही. तोंडाला पाणी सुटतं आणि तो तुकडा घेऊन लांडग्यासारखा तोडायला लागतो. पिगीला जॅक मुद्दाम देत नाही. सायमन आपला तुकडा पिगीकडे सरकवतो, तेव्हा जॅक भडकतो, दुसरा तुकडा कापून सायमनच्या पायाशी फेकतो आणि ओरडतो, खा! मी तुम्हाला मटण आणलं! एवढा राग कशाचा? सायमननं मटण नाकारलं नव्हतं, त्यानं वाटपाचा अधिकार स्वतःकडे घेतला होता. कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवणं हाच तर त्या मटणाचा खरा उपयोग.

जनावर

भीती पहिल्या दिवसापासूनच आहे. चेहऱ्यावर मोठा लालजांभळा डाग असलेलं एक छोटं पोर पहिल्यांदा सांगतं की रात्री सापासारखं काहीतरी येतं. राल्फ म्हणतो, असलं काही नसतं. जॅकही म्हणतो, नसतंच, पण असलं तर आम्ही त्याची शिकार करू. दोन्ही उत्तरं जवळजवळ सारखी वाटतात, परिणाम मात्र अगदी उलटे. राल्फचं उत्तर घाबरलेल्या पोराला खोटं पाडतं. जॅकचं उत्तर त्याला संरक्षण देतं, आणि त्यासाठी जनावर असणं जॅकला सोयीचं होत जातं.

पाचव्या प्रकरणातली सभा तर चुकीच्या सभेचा नमुना म्हणून शिकवावी. राल्फ ती भर संध्याकाळी बोलावतो. पाणी नारळाच्या करवंट्यांत भरून ठेवा, झोपड्या बांधा, शौचाला ठरलेल्या खडकांपलीकडेच जा, आग विझू देऊ नका. एकेक मुद्दा रास्त. इथवर ठीक. मग तो म्हणतो, आता भीतीबद्दल बोलू, तिचा निकाल लावून टाकू. आणि अंधार पडत चाललाय! छोटी मुलं रडायला लागतात. पर्सिव्हल नावाचं एक पोर नाव विचारल्यावर नाव, घर, गाव, जिल्हा आणि टेलिफोन नंबर अशी घरी पाठ करून घेतलेली जंत्री म्हणू लागतं आणि मध्येच हमसून रडतं. भूत आहे की नाही यावर मतदान होतं. भूत बहुमतानं ठरवायला गेलं की काय होणार? जॅक ओरडतो, नियम गेले खड्ड्यात, आम्ही ताकदवान आहोत, जनावर असलं तर ठेचून काढू. पोरं त्याच्यामागे अंधारात नाचत सुटतात.

पिगी म्हणतो, शंख वाजव. राल्फ वाजवत नाही. त्याचं म्हणणं, मी वाजवला आणि ते आले नाहीत, तर संपलंच. तो बरोबर बोलतोय. नियमाचा अधिकार म्हणजे बाजारातली पत. सगळे मानतात तोवर आहे, आणि खरंच आहे का हे तपासायला गेलात तर त्याच क्षणी जाऊ शकतो.

शंखाची हद्द कशी आकसत गेली हेही बघण्याजोगं आहे. पहिल्याच दिवशी डोंगरावर पिगी शंख हातात घेऊन बोलायला लागतो तेव्हा जॅक म्हणतो, डोंगरावर शंख चालत नाही. कोणी हरकत घेत नाही. राल्फही नाही. पुढे मेजवानीच्या रात्री तो म्हणतो, बेटाच्या या टोकाला शंख चालत नाही. नियमाला पहिला अपवाद मिळाला तो दिवस उत्साहाचा होता, सगळे आग पेटवायच्या नादात होते, आणि अपवाद फक्त पिगीपुरता होता.

हात कोणी वर केला नाही

डोंगरावर एक मेलेला हवाई सैनिक पॅराशूटला अडकून पडलेला असतो. वाऱ्यानं त्याचं धड उठतं, बसतं. पोरांना तेच जनावर वाटतं. आगीची जागा हातची जाते. दुसऱ्या दिवशी जॅक स्वतः शंख फुंकतो, सभा बोलावतो आणि राल्फवर अविश्वासाचा ठराव आणतो: हा भित्रा आहे, हा शिकारी नाही, हा पिगीसारखं बोलतो. राल्फ प्रमुख नको असं कोणाला वाटतं? हात वर करा.

एकही हात वर होत नाही.

जॅक पुन्हा विचारतो. शांतता. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मी नाही खेळत, तुमच्याशी नाही, असं म्हणून तो रानाकडे निघून जातो. बारा वर्षांच्या मुलाचं अगदी बारा वर्षांच्या मुलासारखं वाक्य. जो येईल त्यानं माझ्याबरोबर शिकारीला यावं, एवढं मात्र सांगून जातो.

आणि मग राल्फ मागे वळून बघतो तर मोठी मुलं एकेक करून गायब. सगळ्यांदेखत हात वर करायला कोणाची हिंमत झाली नाही, पण नजर चुकवून निघून जायला हिंमत लागत नाही. मतदान हातांनी होतं, पक्षांतर पायांनी. राल्फनं त्या सभेत मतं मोजली असती तर त्याला शंभर टक्के पाठिंबा होता आणि दुपारपर्यंत त्याच्याकडे पिगी, सायमन, जुळे सॅम-एरिक आणि चिल्लीपिल्ली उरली.

जॅकच्या मेजवानीला राल्फ आणि पिगी जातात ते मटणाच्या वासानं. जॅक ओंडक्यावर बसलाय, रंगवलेला, गळ्यात माळा, देवाच्या मूर्तीसारखा. मी तुम्हाला खायला दिलं आणि माझे शिकारी जनावरापासून तुमचं रक्षण करतील, माझ्या टोळीत कोण येतंय? राल्फ म्हणतो, मी निवडून आलेला प्रमुख आहे, शंख माझ्याकडे आहे. तो युक्तिवादात जिंकतोही. वीज चमकते, पावसाचे थेंब पडतात तेव्हा विचारतो, तुमच्या झोपड्या कुठेत? पोरं कावरीबावरी होतात. हा एकच क्षण असा आहे की बाजी पलटू शकली असती. जॅक उत्तर देतच नाही. तो ओरडतो, नाच! आपला नाच करा! वर्तुळ होतं, आरोळी सुरू होते, भीतीमुळे पिगी आणि राल्फही कडेनं त्यात ओढले जातात. जनावर वगैरे काही नाही, ते मेलेलं माणूस आहे, हे सांगायला सायमन रानातून येतो आणि ती झुंड त्यालाच जनावर समजून मारून टाकते.

दुसऱ्या दिवशी राल्फच्या तोंडून ‘खून’ हा शब्द निघतो. पिगी म्हणतो, अपघात होता. जुळे म्हणतात, आम्ही लवकर गेलो होतो. जॅकनं मात्र टोळीसाठी तयार उत्तर ठेवलेलं आहे: जनावर वेष बदलून आलं होतं, आणि ते मरत नाही, पुन्हा येईल. पोरांना अपराधातून सुटकाही मिळाली आणि भीतीही कायमची झाली. बारा वर्षांचा पोरगा हे विचार करून करतो असं गोल्डिंग कुठे म्हणत नाही. त्याला ते आपोआप जमतं, आणि तेच जास्त अस्वस्थ करणारं आहे.

रॉजर

जॅकबद्दल सगळे बोलतात, रॉजरबद्दल कमी. सुरुवातीला तो झाडाआडून हेन्री नावाच्या छोट्याला दगड मारत असतो, पण मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती काही यार्डांचं एक अदृश्य वर्तुळ आहे, त्यात दगड टाकायची त्याची छाती होत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा, सगळे त्या वर्तुळाच्या कडेनं उभे आहेत, इथे नसून.

पुढे किल्ल्यासारख्या खडकावर जॅकचं राज्य सुरू होतं तेव्हा रॉजरला कळतं की चीफ विल्फ्रेडला बांधून फटके मारणार आहे. कशाबद्दल? रॉबर्ट म्हणतो, माहीत नाही, सांगितलं नाही, नुसता चिडला. कारण न सांगता शिक्षा! जॅकला पहिल्या दिवशी नियमांतलं जे आवडलं होतं तेच तेवढं उरलंय, नियम गळून गेला आणि शिक्षा राहिली. रॉजर ती बातमी कानात मुरवत बसतो. आता वर्तुळ पुसलं गेलंय हे त्याला उमगलेलं असतं.

जॅकची टोळी रात्री येऊन पिगीचा चष्मा चोरते. पिगीला वाटतं ते शंख न्यायला आले होते. त्यांनी शंखाला हातही लावला नाही. आग पेटवायला भिंग लागतं, शंखाचं त्यांना काय करायचंय? (विज्ञानाच्या शिक्षकांना इथे हमखास खटकतं: पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे भिंगं अंतर्गोल, त्यांनी उन्हाची तिरीप एकवटत नाही. गोल्डिंगची चूकच ती.) आंधळा झालेला पिगी हातात शंख धरून चष्मा परत मागायला जातो, जे बरोबर आहे ते बरोबर आहे म्हणून. वर खडकावर रॉजर तरफेवर आपलं सगळं वजन टाकतो. धोंड खाली येते, पिगी जातो आणि त्याच क्षणी शंखाचा चुरा होतो. हुकूम जॅकनं दिलेला नव्हता. बिनकारणाच्या शिक्षेचं राज्य सुरू झालं की हुकमाची वाट न बघणारी माणसं आपोआप वर येतात, आणि त्यानंतर जॅकलासुद्धा रॉजरकडे जरा जपून बघावं लागत असेल असं मला वाटत राहतं.

खरी पोरं अशी वागतात का?

योगायोग असा की कादंबरी निघाली त्याच १९५४ साली, मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या रॉबर्स केव्ह उद्यानात २२ मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट केले, बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणं सुरू. पण आदल्या वर्षीच्या त्याच्याच प्रयोगात मुलं आधी एकमेकांचे मित्र झाली होती, मोठी माणसं आपल्याला भांडायला लावतायत असा त्यांना संशय आला, ती भांडेनात आणि प्रयोग गुंडाळावा लागला. ही दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते.

आणि १९६५ साली प्रशांत महासागरातल्या टोंगामध्ये एका बोर्डिंग शाळेतली सहा मुलं कोणाचीतरी होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि अता नावाच्या ओसाड बेटाला लागली. तिथे ती १५ महिने होती. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या, आग एकदाही विझू दिली नाही. भांडण झालं की दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जाऊन शांत व्हायचं. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी काठ्या बांधून तो सांधला. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशानं त्यांना शोधून काढलं. परत आल्यावर होडीच्या मालकानं त्यांच्यावर चोरीची तक्रार केली आणि पोरं थेट कोठडीत गेली, हा वेगळाच विनोद.

म्हणून गोल्डिंग खोटा ठरला असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ते सहा जण आधीपासूनचे दोस्त होते, त्यांच्यात दोन रांगांत चालत आलेला कॉयर नव्हता आणि सहा जणांना सभा लागत नाही. कोण जेवला, कोण रडतोय, हे बघितलं की कळतं. गोल्डिंगच्या बेटावरची पोरं एकमेकांना अनोळखी होती आणि बरीच होती.

किती होती? पहिल्याच दिवशी पिगी प्रत्येकाचं नाव विचारत फिरत होता, यादी करू म्हणत होता. मोठी पोरं हसली, छोटी इकडेतिकडे पळाली आणि यादी राहून गेली. त्याच दुपारी पहिली आग हाताबाहेर गेली आणि चेहऱ्यावर डाग असलेलं ते पोर पुन्हा कोणाला दिसलं नाही. त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं.

‘साहेब कोण’ हे विचारायच्या आधी तो नौदल अधिकारी राल्फला एक साधा प्रश्न विचारतो: तुम्ही किती जण आहात? राल्फ नुसती मान हलवतो. मग ‘साहेब मी’ असं सांगून झाल्यावर अधिकारी पुन्हा म्हणतो, म्हणजे तुम्ही किती आहात हे तुम्हाला माहीत नाही?

राल्फ म्हणतो, नाही सर.